पालथ्या परातीवरचा खेळ : एका क्लबचा मोसम

गेल्या वेळी आपण बँकेच्या कर्जाला कोणकोणते कागद लागतात ते बघितलं. आज कागद नाहीत, आज खेळ आहे. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या क्लबनं २०२५चा मोसम कसा काढला, ते मी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण दोन गटांच्या बैठकीत मी सहज ही हकीकत सांगितली आणि बायकांनी इतके प्रश्न विचारले की त्या दिवशी बचत गोळा करायला अंधार पडला. म्हणून आज रेडिओवर सगळ्यांसाठी.

मला हे कळलं माझ्या मैत्रिणीकडून. आम्ही कॉलेजला एका बाकावर बसायचो. ती पुढं नर्सिंगला गेली आणि आता वेस्ट यॉर्कशायरमध्ये एका दवाखान्यात काम करते. तिची आई आमच्याच गावच्या गटाची कोषाध्यक्ष, आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणतो. मैत्रीण ड्यूटी संपवून घरी चालत जाताना मला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते, आणि मी ते भाकरी करताना ऐकते. तर वर्षभर हे असं तुकड्या-तुकड्यानं माझ्याकडं आलेलं आहे.

खेळाचं नाव क्राउन ग्रीन बोलिंग. बोलिंग म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, धावत येऊन टाकलेला चेंडू. हे तसं नाही. इथं गोळा जमिनीवरून हळूच घरंगळत सोडायचा. आपण लहानपणी गोट्या खेळलोच आहोत, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. आधी एक छोटा गोळा पुढं सोडतात, त्याला जॅक म्हणतात. तो जिथं थांबेल तिथं आपला मोठा गोळा जास्तीत जास्त जवळ न्यायचा. दोघांचा सामना असतो, प्रत्येकाकडं दोन-दोन गोळे. चार गोळे टाकून झाले की बघायचं कुणाचा सगळ्यात जवळ आहे. त्याला एक गुण. त्याचे दोन्ही गोळे समोरच्यापेक्षा जवळ असतील तर दोन गुण. असं करत जो आधी २१ गुणांना पोचेल तो जिंकला. जो डाव जिंकतो तोच पुढचा जॅक सोडतो, आणि कुठल्या दिशेनं सोडायचा तेही तोच ठरवतो.

ऐकायला पोरखेळ वाटतो ना? आता त्यातली गंमत ऐका. मैदान सपाट नसतं. हिरवळ चौकोनी असते आणि मधे फुगलेली, आपली परात पालथी घातल्यासारखी. कडेपेक्षा मधला भाग साधारण वीतभर ते हातभर उंच. त्यामुळे गोळा चढाला लागला की मंदावतो, उताराला लागला की पळतो. आणि गोळासुद्धा सरळ जात नाही. तो मुद्दाम असा घडवलेला असतो की वेग कमी होईल तसा एका अंगाला वळत जातो. बैलजोडीत एक बैल कमी ओढत असला की गाडी कशी एका बाजूला जाते, तसं. गोळ्याच्या त्या वळणाची बाजू अंगठ्याकडं ठेवायची की करंगळीकडं, हे आधी मनाशी ठरवायचं. म्हणजे गोळ्याचं वळण वेगळं, जमिनीचा उतार वेगळा, आणि दोन्हींचा हिशेब धरून हात सोडायचा. या खेळात तर जॅकसुद्धा वळतो. दंडात ताकद असून काही उपयोग नाही, जमीन वाचता आली पाहिजे. आमच्या गटातल्या एक मावशी हे ऐकून म्हणाल्या, "म्हंजी दारं धरल्यावानी." अगदी बरोबर. उसाला पाणी देताना सरीत कुठं चढ आहे, कुठं पाणी तुंबेल, हे जिला डोळ्यांनी कळतं तिला हा खेळ लवकर येईल.

हा खेळ सगळ्या इंग्लंडमध्ये खेळत नाहीत. उत्तरेकडं आणि मधल्या भागात, म्हणजे लँकेशायर, यॉर्कशायर, चेशायर, श्रॉपशायर अशा भागांत, शिवाय उत्तर वेल्समध्ये याचं वेड आहे. इतर ठिकाणी सपाट हिरवळीवरचा लॉन बोल्स खेळतात. मोसम एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचा. म्हणजे तिकडचा उन्हाळा, जेव्हा आपल्याकडं उन्हाळा संपून पावसाळा चालू असतो.

मैत्रिणीचा क्लब नगरपालिकेच्या बागेत आहे. तीसेक सभासद. निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. कुणी लोकरीच्या गिरणीत जन्म घालवलेला, कुणी बस चालवलेली, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बाई. वर्षाची वर्गणी एकदाच भरायची, आणि सामन्याच्या दिवशी चहापाण्याचे थोडे पैसे. ही तिथं पोचली ती एकटेपणानं. पहिला हिवाळा तिला फार जड गेला, दुपारी चारलाच अंधार. वसंतात बागेतून जाताना तिला कुंपणापलीकडं म्हाताऱ्या बायका वाकून गोळे सोडताना दिसल्या. थांबून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबली. तिसऱ्या दिवशी एका आजींनी हातात गोळा दिला. आता तिचा तो तिसरा मोसम.

एप्रिलमध्ये मैदान उघडलं तेव्हा ऊन पडलं होतं, आणि ते पडतच राहिलं. ब्रिटनमध्ये २०२५चा वसंत नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात उबदार आणि सगळ्यात जास्त उन्हाचा ठरला. सुरुवातीला सगळे खूश. एरवी एप्रिल-मेचे निम्मे सामने पावसानं भिजतात, या वेळी एकही रद्द नाही. जूनमध्ये तिकडं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ड्यूटी करूनही तिला संध्याकाळचा सामना खेळता यायचा. पण गवताचा रंग उतरायला लागला तसे जुने लोक गप्प झाले. ११ जुलैला यॉर्कशायरमध्ये पाण्याच्या नळीवर बंदी आली. घरच्या बागेला, गाडी धुवायला, आणि खेळाच्या हिरवळीलासुद्धा नळाचं पाणी पाइपनं मारायचं नाही. झारीनं घालायला मुभा.

हे तिनं सांगितलं तेव्हा मी हसले, खोटं कशाला सांगू. इंग्लंडमध्ये पाणीटंचाई! पण तिनं पुढचं सांगितलं आणि हसू थांबलं. सत्तरीच्या बायका आणि पुरुष रोज संध्याकाळी झाऱ्या भरून हिरवळीवर नेत होते. सगळ्या मैदानाला पुरणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की जिथं उभं राहून गोळा सोडतात, जिथं पाय जास्त पडतात, ते कोपरे तेवढे जगवायचे. बाकीचं गवत पिवळं पडू द्यायचं, मुळं जिवंत राहिली तर पाऊस आल्यावर ते परत फुटतं. क्लबच्या छपराला पन्हळ लावून एक जुनी टाकी भरायची तयारी केली, पण पाऊसच नाही तर टाकीत काय पडणार? ही आपल्या मुलुखातली पोरगी, हंडा डोक्यावर घेऊन वाढलेली. तिनं दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन न सांडता चालून दाखवलं तेव्हा तिला म्हणे टाळ्या मिळाल्या. "अगं, आयुष्यात पाणी वाहण्याबद्दल पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या," असं ती म्हणाली.

गवत वाळलं की मैदान पळतं होतं. गोळा थांबतच नाही. वर्षानुवर्षं त्याच हिरवळीवर खेळलेल्यांचा अंदाज ऑगस्टमध्ये चुकायला लागला. ज्यांना घरच्या मैदानाचा प्रत्येक खळगा पाठ, ते घरीच हरायला लागले. मैत्रिणीला मात्र त्याचा फायदा झाला, कारण तिची जुनी सवयच पक्की नव्हती. लीगमधला तिचा सगळ्यात चांगला सामना ऑगस्टमधलाच. समोर शेजारगावच्या निवृत्त पोस्टमन, चाळीस वर्षं खेळलेल्या. ही १४-१९ अशी मागं होती. मग तिनं जॅक आखूड सोडायला सुरुवात केली, चढ ओलांडून न नेता अलीकडच्या अंगाला. त्या बाईंचा गोळा दरवेळी पुढं निघून जायचा. २१-२० नं जिंकली. तो निरोप मी तीन वेळा ऐकला. ती बोलत कमी होती, धापाच जास्त टाकत होती.

पण एका माणसाच्या जिंकण्यानं क्लब जिंकत नाही. लीगच्या सामन्यात सगळ्या खेळाडूंचे गुण एकत्र मोजतात. हरलेल्यानंही किती गुण आणले ते धरलं जातं, म्हणून १८ वर हरणं आणि ५ वर हरणं यात जमीन-अस्मानाचा फरक. ही गोष्ट मला फार आवडली. हरता हरताही लढून आणलेला एक-एक गुण पाटीवर चढतो. एवढं करूनही मोसमाच्या शेवटी त्यांचा संघ खालून दुसरा आला आणि पुढच्या वर्षी एक पायरी खाली खेळणार आहे. बायकांच्या दुपारच्या लीगमध्ये बरं झालं, तिथं मधल्या जागी राहिले.

क्लबच्या आतल्या आत स्पर्धा असतात, त्यात नवख्यांना सुरुवातीलाच काही गुण देतात. समजा तुम्ही नवीन, तर तुम्ही पाचवरून सुरू करायचं आणि मुरलेल्या खेळाडूनं शून्यावरून. आमच्या बैठकीत यावरून वाद झाला. एकीचं म्हणणं, ही दया झाली. दुसरी म्हणाली, दया कसली, आपण नवीन सभासदाला पहिल्या कर्जाला जामिनाची अट शिथिल करतो ते काय असतं? मी मधे पडले नाही. ब्लॅकपूल गावात या खेळाची जी सगळ्यात मानाची स्पर्धा होते, वॉटर्लू, तीसुद्धा याच पद्धतीची आहे आणि ती १९०७ पासून चालू आहे. आमची मैत्रीण सप्टेंबरमध्ये तिथला शेवटचा दिवस बघायला गेली होती. हॉटेलच्या मागं हिरवळ, चारी बाजूंनी पायऱ्या, आणि प्रत्येक गोळ्याला ओरडणारी माणसं. तिला आपल्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवला.

आता चहाचं सांगते. पाहुणा संघ आला की सामन्यानंतर चहा, सँडविच, केक द्यायचा रिवाज आहे. करायचा कुणी? ओळखलंत. क्लबच्या यादीत बायकांचीच नावं. ज्या बाईचा सामना शेवटचा असायचा ती गोळा टाकून पळत किटली लावायला. मैत्रिणीनं दोन वर्षं निमूट केलं. या वर्षी जूनच्या बैठकीत तिनं नाही, एका पंचाहत्तरीच्या आजींनी विषय काढला. "मी खेळायला येते, वाढायला नाही," एवढंच म्हणाल्या. जुलैपासून यादीत सगळ्यांची नावं, आडनावाच्या क्रमानं. एका आजोबांनी पहिल्यांदाच अंड्याचं सँडविच केलं आणि मीठ विसरले. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी खाल्लं. आमच्याकडं ग्रामसंघाच्या कार्यक्रमाला खुर्च्या कोण लावतं आणि खुर्च्यांवर कोण बसतं, ते मी आज काढत नाही. वेळ कमी आहे.

खरी अडचण वेगळीच होती. जूनमध्येच नगरपालिकेचं पत्र आलं होतं. पुढच्या एप्रिलपासून या हिरवळीची कापणी, निगा पालिका करणार नाही. क्लबला जागा लांब मुदतीच्या भाड्यानं मिळेल, पण यंत्र तुमचं, विमा तुमचा, मेहनत तुमची. नाहीतर मैदान बंद. तिकडं गेल्या काही वर्षांत पुष्कळ क्लबांवर ही वेळ आलेली आहे. ज्यांचं मैदान दारूच्या गुत्त्यामागं, म्हणजे पबच्या मागं असतं, त्यांचं तर आणखी अवघड. पब बंद पडला की जागा घरं बांधायला जाते. त्यासाठी इंग्लंडमध्ये २०११चा एक कायदा आहे. गावानं एखादी जागा समाजाच्या उपयोगाची म्हणून यादीत नोंदवून घेतली, तर मालकाला ती विकताना गावातल्या संस्थेला पैसे उभे करायला सहा महिने मिळू शकतात. मालकानं त्यांनाच विकावी अशी सक्ती मात्र नाही. हिचा क्लब पालिकेच्या जागेत, म्हणून प्रश्न यंत्राचा आणि अंगमेहनतीचा.

हिरवळ राखणं म्हणजे काय, ते मला आधी माहीत नव्हतं. मोसमात आठवड्याला दोन-तीन वेळा गवत कापायचं, तेही इतकं आखूड की बोटाचं नख बुडणार नाही. शरद ऋतूत मेलेलं गवत आणि शेवाळ खरवडून काढायचं, जमिनीला काट्यांनी भोकं पाडायची म्हणजे मुळांना हवा लागते, नवीन बी टाकायचं, वरून चाळलेली माती पसरायची. दव गोठलेलं असताना गवतावर पाय ठेवायचा नाही, नाहीतर पात काळी पडते. हे सगळं करणारं यंत्र जुनं घेतलं तरी दोन-तीन दुभत्या म्हशींची किंमत.

ऑक्टोबरच्या सर्वसाधारण सभेत यावर दोन तास चर्चा झाली. विरोधात बोलणारे वेडे नव्हते. एक गृहस्थ म्हणाले, "आपलं वय बघा. पाच वर्षांनी हे यंत्र ढकलणार कोण? भाडेपट्ट्यावर सह्या करणाऱ्यांच्या गळ्यात ते अडकणार." दुसऱ्या बाईंचं म्हणणं, तीन मैलांवर दुसरा क्लब आहे, त्यांच्यात मिळून जाऊ. पण त्या तीन मैलांना संध्याकाळी बस नाही, आणि क्लबातल्या निम्म्या बायका गाडी चालवत नाहीत. म्हणजे क्लब हलला की त्या सुटल्या. हे ज्या आजींनी चहाचा विषय काढला त्यांनीच सांगितलं.

माझी मैत्रीण सभेत बोलायला लाजते, इंग्रजी बोलताना अजून अडखळते. पण पैशांचा विषय आला तेव्हा उठली. कोषाध्यक्षांचं म्हणणं होतं की प्रत्येकानं एकदम मोठी रक्कम द्यावी. पेन्शनवर जगणाऱ्यांना ते कसं जमणार? हिनं सांगितलं, माझ्या आईच्या गटात कुणी एकदम देत नाही. दर महिन्याला थोडं, सगळ्यांचं सारखं, आणि प्रत्येक बैठकीत हिशेब मोठ्यानं वाचायचा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतो. तिनं त्यांना आपली पंचसूत्रीच सांगितली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. तिथं सगळ्यांना वाचता येतं, तरी कोषाध्यक्षांना मोठ्यानं वाचायची गोष्ट पटली. म्हणाले, आजवर मी हिशेब भिंतीला चिकटवत आलो आणि कुणी एकदाही बघितला नाही. ही गोष्ट मी काकूंना सांगितली तेव्हा त्यांनी नुसतं वहीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तिला म्हणावं, दंडाचं बी सांग. उशिरा भरलं तर दंड."

हात वर करून मत घेतलं. मैदान घ्यायचं ठरलं. विरोधातले दोघं क्लब सोडून गेले, तिसऱ्या बाई विरोधात मत देऊनही राहिल्या. नोव्हेंबरपासून महिन्याचे पैसे जमा व्हायला लागले. यंत्राची सोय होईल. पाच वर्षांनी ते ढकलणार कोण, या प्रश्नाला मात्र कुणाकडं उत्तर नव्हतं, आणि मैत्रीणही मला म्हणाली की त्या गृहस्थांचं चुकलं असं तिला वाटत नाही.

तरुण माणसं का येत नाहीत, याचं एक कारण म्हणजे हा म्हाताऱ्यांचा खेळ असा समज. तिनं त्यावर क्लबच्या फलकावर एक फोटो लावला. तो आपल्या चौघींचा आहे, म्हणून तुम्हालाही सांगते. २ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, लेमिंग्टन स्पा गावातली सपाट हिरवळ. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की. लॉन बोल्समध्ये भारताला या स्पर्धेत त्याआधी एकही पदक नव्हतं. उपांत्य सामन्यात त्यांनी न्यूझीलंडला १६-१३ हरवलं आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१०, थेट सुवर्ण. त्यात सुरुवातीला ८-२ अशी आघाडी होती, ती गेली, दक्षिण आफ्रिका पुढं निघून गेली, आणि मग या चौघींनी सामना परत ओढून आणला. तेव्हा लव्हली झारखंड पोलिसात होती, पिंकी दिल्लीत शाळेत खेळाची शिक्षिका, नयनमोनी आसामच्या वनखात्यात, रूपाराणी झारखंडमध्ये क्रीडा अधिकारी. दोघी चाळिशी ओलांडलेल्या, दोघी तिशीतल्या. नयनमोनी आधी वजन उचलायची, रूपाराणी कबड्डी खेळायची. दुखापत झाली, वय झालं, म्हणून घरी बसायचं वय आपल्याकडं किती लवकर ठरतं, ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या गटातल्या एका वहिनीनं फोनवर तो फोटो बघून पहिला प्रश्न काय विचारला? "ह्यांची घरं कोण बघत असंल?" मी म्हटलं, त्यांना कुणी विचारलं असेल तर त्यांनीच सांगितलं असेल, आपण आपलं बघू.

आपलं म्हणजे असं. पुढच्या महिन्यात प्रभाग संघाच्या मेळाव्यात या वेळी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा एवढ्यावर भागवायचं नाही, असं तीन ग्रामसंघांनी कळवलं आहे. त्यांना कबड्डी आणि खो-खो हवा, तोही पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा. शाळेचं मैदान सुटीच्या दिवशी मिळावं म्हणून अर्ज दिला आहे. ज्या गटांना नावं द्यायची आहेत त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडं द्यावीत. गुडघेदुखी असलेल्यांनी पंच व्हायला नाव दिलं तरी चालेल, पंच कमी आहेत.

मैत्रिणीचा शेवटचा निरोप परवाचा आहे. यंत्र आलं, एका सभासदाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलंय. हिरवळीवर पाऊस पडतोय, पिवळे पडलेले कोपरे बहुतेक भरून आले, दोन ठिकाणी अजून टक्कल आहे. कापणीच्या पाळ्या लागल्या त्यात हिची पाळी गुरुवारची, ड्यूटीला जायच्या आधी सकाळी.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला आपल्या पशुसखी शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलणार आहेत. नमस्कार.